मदत हवी आहे: हवा भरायच्या पंपाच्या प्लगमधला फ्यूज सारखा उडतोय

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप आहे. इतके दिवस बिनतक्रार चालला. आता हवा भरता भरता मध्येच बंद पडतो, आणि प्लगचं टोक फिरवून उघडलं की आतला काचेचा फ्यूज गेलेला असतो.

मला चक्रावणारी गोष्ट ही की प्लगमधला फ्यूज १५ अँपिअरचा आणि गाडीच्या फ्यूजबॉक्समधला सॉकेटचा फ्यूजही १५ चाच (निळा, पात्यांचा). दोघांतून करंट तोच जातो, तरी दरवेळी काचेचाच उडतो. पंपावर १२० वॅट लिहिलंय, म्हणजे हिशेबाने १० अँपिअर. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त ओढत असेल, पण सुरुवातीला फ्यूज कधीच जात नाही.

केबल प्लगच्या मानेशी आणि पंपात शिरते तिथे वाकवून, हलवून मल्टीमीटरने तपासली. शॉर्ट नाही. उडालेल्या फ्यूजची काच स्वच्छ असते; थेट शॉर्ट असता तर काळी पडली असती. तार मधोमध तुटत नाही, टोकाच्या टोपीजवळ सुटते. प्लगचं पितळी टोक हात लावू नये इतकं तापलेलं असतं, त्यावर काळा डाग आहे आणि आतली स्प्रिंग सैल वाटते. त्यामुळे दाट संशय असा की संपर्क नीट होत नाही, तिथे उष्णता तयार होते आणि फ्यूज करंटपेक्षा त्या उष्णतेने वितळतो. त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर छान चालतो, पण तो ओढतो किती!

दुसरी शक्यता पंपाची. टायरला न जोडता चालवला तर काही होत नाही. टायरमध्ये २० पीएसआयच्या पुढे आवाज जड होतो आणि मग फ्यूज जातो. पिस्टन घट्ट झाला असेल का? करंट मोजायचा तर मल्टीमीटरची मर्यादा १० अँपिअर, आणि साधा क्लॅम्प मीटर डीसी मोजत नाही.

गॅरेजमध्ये सांगितलं, २० चा टाका नाहीतर फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळा. कृपया इथे तो सल्ला नको. फ्यूज त्या बारीक केबलसाठी आहे, ती तापली तर सीटशेजारी आग लागेल. आई-बाबा याच गाडीने रात्री-अपरात्री आंबा घाट उतरतात, पंप ठेवलाय तो त्यांच्यासाठीच.

ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी सांगा: टोक पॉलिश पेपरने घासून स्प्रिंग ताणली तर टिकतं, की प्लगच बदलावा? बदलायचा तर खरोखर १५ अँपिअर झेपणारा प्लग दुकानात ओळखायचा कसा? पिस्टनला कोणतं ग्रीस चालतं?

प्लग कापून बॅटरीला थेट चिमटे लावायचाही विचार आहे, पॉझिटिव्हच्या चिमट्याजवळच १५ चा फ्यूज घालून. अडचण एकच, बॅटरी बॉनेटखाली आणि केबल ३ मीटरची, मागच्या चाकापर्यंत पोचत नाही. आणखी ३ मीटर १.५ चौरस मिमीची वायर जोडली तर १० अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच जातील. इंजिन चालू ठेवून तेवढी घट चालेल, की २.५ चीच वायर घेऊ?