मदत हवी आहे : पुठ्ठ्याची हलती वारी, हँडल जड जातंय आणि कॅम सटकतायत

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेत आम्ही काही पालक मिळून मुलांची कार्यशाळा घेतो. सियागंजच्या दुकानांतून रिकामी खोकी आणायची आणि त्यांची चालणारी यंत्रं करायची. यंदा गणपतीत मुलांना हलता देखावा करायचाय. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे रोषणाईचे हलते चित्ररथ, बघत वाढलेली मुलं ही, हलत नाही त्याला ती देखावाच म्हणत नाहीत! मोटर नको, बघणाऱ्यानंच हँडल फिरवायचं, असा त्यांचा हट्ट आहे आणि मला तो मनापासून पटलाय.

रचना अशी : खोक्यात बांबूचा गोल आडवा दांडा, त्यावर पुठ्ठ्याचे ८ कॅम, म्हणजे मध्य सोडून बाजूला भोक पाडलेल्या चकत्या. प्रत्येक कॅमवर एक उभी काडी टेकते, काडीवर वारकरी. दांडा फिरला की वारकरी उड्या मारतात.

पण आठही जण एकदम वर जाताना हँडल जड होतं आणि कॅम दांड्यावर सटकतात. ग्लू गननं चिकटवलेलंही सुटतं. दांड्याची भोकं लांबट होतात, काड्या कॅमच्या कडेला अडकतात. खोकी तीन प्लायची, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याची आहेत. पाच प्लायची घ्यावीत का? देखावा दहा दिवस टिकायलाच हवा, मुलांनी फार जीव लावलाय.

उत्तर :
तीन प्लायच राहू द्या. पुठ्ठ्याचे दोन तुकडे, त्यांच्या मधल्या नागमोडी थराच्या नळ्या एकमेकींना आडव्या येतील असे फेव्हिकॉलनं चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा. कॅम असेच करा.

दांडा चौकोनी घ्या, कॅमचं भोकही चौकोनी कापा, म्हणजे सटकायचा प्रश्नच नाही. टोकं तेवढी घासून गोल करा आणि वाळलेल्या स्केचपेनच्या नळीत फिरू द्या. नळी पुठ्ठ्यात पक्की बसवली की भोक झिजत नाही. मधे एक आधाराची भिंत द्या, नाहीतर दांडा वाकेल.

कॅमच्या कडेला मिठाईच्या डब्याच्या पातळ पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून तिच्यावर मेणबत्ती घासा. काडीच्या खाली गोल चकती लावा.

आणि मुख्य म्हणजे आठही कॅम एका दिशेला नकोत. प्रत्येक कॅम आधीच्यापेक्षा ४५ अंश फिरवून बसवा. काही वारकरी चढताना काही उतरतात, भार वाटला जातो आणि दिंडीतून लाट गेल्यासारखी दिसते.

काडीखालची चकती मध्यावर न टेकवता किंचित बाजूला कॅमवर टेकवलीत तर वारकरी उडीबरोबर गिरकीही घेईल. मुलांना हे जरूर करून दाखवा.

धागाकर्ती :
गिरकी! हे तर आजच करून बघतो. चौकोनी भोक ४५ अंशात कापायचं, तर मुलांना कोनमापक न देता कसं आखू?

उत्तर :
कॅमएवढा गोल कागद तीनदा अर्ध्यात दुमडा. उघडलात की ८ सारखे भाग. घड्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येक कॅमचं भोक पुढच्या घडीवर, पण दांड्याच्या चौकोनाची दिशा तीच ठेवून कापा.