मिंट टाकलं, प्रिंटर चालत नाही. उद्या सकाळपर्यंत हवं आहे!

ठाणेकर_७९
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, तातडीची मदत हवी आहे. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबरला सपोर्ट बंद होणार असा मेसेज रोज येत होता आणि विंडोज ११ आमच्या मशीनवर चढत नाही. मित्राने पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) करून दिलं होतं. गणपती झाले की टाकू म्हणत होतो, काल रात्री टाकलं. अर्ध्या तासात झालं. नेट चालतंय, यूट्यूब चालतंय, प्रिंटर मात्र ढिम्म. प्रिंट दिली की नुसतं 'प्रोसेसिंग', मग काहीच नाही. हिरवा दिवा लागलेला आहे.

उद्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस वाटायची आहे. बाबा सेक्रेटरी आहेत आणि दर दहा मिनिटांनी येऊन मागे उभे राहतायत. 'गूगल करा' सांगू नका, केलंय. कमांड वगैरे मला येत नाहीत, नेमकं काय दाबायचं तेवढं सांगा.

कीबोर्डकाका
रात्री ९:५२

प्रिंटर कोणता?

मोकळा_सोर्स
रात्री ९:५५

मिंट का टाकलंत पण? रॅम किती आहे? जुन्या मशीनला एमएक्स लिनक्स टाका. माझ्या २००९ च्या लॅपटॉपवर २ जीबीत पळतंय. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप जड पडतो.

ठाणेकर_७९
रात्री १०:०१

लेझर आहे. ब्लॅक अँड व्हाइट.

कीबोर्डकाका
रात्री १०:०२

मॉडेल सांगा हो. पुढच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

पेन्शनर_पार्ल्याचा
रात्री १०:०८

सभा किती तारखेला आहे? वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरायचे नाहीत. आमच्याकडे एका सभासदाने याच मुद्द्यावर अख्खी सभा रद्द ठरवायला लावली होती.

ठाणेकर_७९
रात्री १०:१५

कॅनन एलबीपी २९००. सभा रविवारी २८ ला आहे.

पेन्शनर_पार्ल्याचा
रात्री १०:१७

म्हणजे उद्या १३ हा शेवटचा दिवस. १४ ते २७ मोजा, बरोब्बर चौदा. परवा दिलीत तर एक दिवस कमी पडेल.

कीबोर्डकाका
रात्री १०:२१

अरे देवा, २९००. निम्म्या महाराष्ट्राच्या वकिलांकडे आणि झेरॉक्सवाल्यांकडे हाच खोका आहे. मरत नाही म्हणून कोणी बदलत नाही.

आता ऐका. हा प्रिंटर नेहमीची पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट भाषा बोलत नाही, त्याची स्वतःची 'कॅप्ट' नावाची भाषा आहे. म्हणून लिस्टमध्ये दिसतो, पण पाठवलेलं त्याला कळत नाही. रस्ते दोन. एक, कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर. तो ३२ बिटच्या लायब्रऱ्या मागतो आणि मागे एक सेवक प्रोग्रॅम सतत चालू ठेवावा लागतो. मशीन रीस्टार्ट केलं की बऱ्याचदा तो उठतच नाही, मग हाताने उठवायचा. दोन, 'कॅप्टड्रायव्हर' नावाचा मुक्त ड्रायव्हर. लोकांनी प्रिंटरची भाषा बाहेरून उलगडून लिहिलेला आहे. तो सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, बांधून घ्यावा लागतो, सात-आठ कमांड आहेत. माझ्याकडे दीड वर्ष हाच चालू आहे. एकदा बसला की बसला. कमांड व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, एकेक ओळ कॉपी-पेस्ट करा, घाई करू नका.

चहाबाज
रात्री १०:२४

२९०० ला १२ए चं कार्ट्रिज बसतं बरं का. रिफिल करून घेत जा, नवीन घेऊ नका.

मोकळा_सोर्स
रात्री १०:२६

एमएक्सवर ही वेळच आली नसती.

कीबोर्डकाका
रात्री १०:२८

@मोकळा_सोर्स, एमएक्सवरही हाच ड्रायव्हर असाच बांधावा लागतो. मी बांधला आहे. उगाच काहीही नका सांगू.

नदीकाठ
रात्री १०:३३

विंडोज १० ला आणखी एक वर्ष सिक्युरिटी अपडेट मिळणार आहेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर सुरू केला तर पैसेही पडत नाहीत. एवढी घाई करायची गरजच नव्हती.

ठाणेकर_७९
रात्री १०:३५

@नदीकाठ, आता सांगून काय उपयोग. टाकून झालंय.

ग्नू_गवा
रात्री १०:४१

प्रथम अभिनंदन! एक बारीक दुरुस्ती: लिनक्स म्हणजे फक्त कर्नल, प्रणालीचा गाभा. बाकीचा बराच भाग ग्नू प्रकल्पाचा, म्हणून पूर्ण प्रणालीला ग्नू/लिनक्स म्हणावं. केरळातल्या सरकारी शाळांत पोरं वर्षानुवर्षं यावरच शिकतायत. आपल्याकडे एमएससीआयटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वर्ड आणि एक्सेलच येतं.

सातारी_कंदी
रात्री १०:४४

माझीपण एक शंका, धागा चालूच आहे म्हणून विचारतो. मी विंडोज आणि उबुंटू दोन्ही ठेवलंय. उबुंटूमधून विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे. बॅटरी बदलली, तरी तेच.

चहाबाज
रात्री १०:४६

बॅटरीचा काही दोष नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. फरक नेमका साडेपाच तासांचा आहे, त्यावरून ओळखा. 'टाइमडेटसीटीएल' या कमांडने लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं.

ठाणेकर_७९
रात्री १०:५८

कृपया माझ्या प्रश्नाचं बघा. काका, व्यनि मिळाला. तिसऱ्या ओळीला 'कमांड नॉट फाउंड' आलं. बाबा म्हणतायत विंडोज परत टाक.

कीबोर्डकाका
रात्री ११:०३

दुसरी ओळ पूर्ण होऊ दिली नाहीत. तिथे पासवर्ड मागतो, टाइप करताना स्क्रीनवर अक्षरं दिसत नाहीत, नुसत्या चांदण्या उमटतात. तसाच टाका आणि एंटर मारा.

आणि आज नाहीच जमलं तर डोक्याला ताप करून घेऊ नका. नोटीस पीडीएफ करा, मोबाइलवर घ्या, सकाळी झेरॉक्सवाल्याकडून काढा.

ठाणेकर_७९
रात्री ११:०९

तेही केलं असतं. पण नोटीस गेल्या वर्षीच्या फाइलवरून करायची आहे, विषयपत्रिका तीच असते. ती फाइल डी ड्राइव्हवर आहे आणि डी अजून दिसत नाहीये. ते नंतर बघू, आधी प्रिंटर. पासवर्ड घेतला त्याने, आता बरंच काही डाउनलोड होतंय.

आयटीतला_हमाल
रात्री ११:११

एक मिनिट. डी दिसत नाही म्हणजे काय? इन्स्टॉल करताना कोणता पर्याय निवडलात?

ठाणेकर_७९
रात्री ११:१४

दोन होते. एक विंडोजच्या शेजारी टाका, दुसरा 'इरेज डिस्क'. विंडोज नकोच होतं म्हणून दुसरा निवडला. विंडोज सी मध्ये होतं ना. तिसऱ्या ओळीचं सांगा, आता वेगळाच एरर आलाय.

आयटीतला_हमाल
रात्री ११:१५

प्रिंटर सोडा. मशीन बंद करा. आत्ता. काकांच्या कमांडही थांबवा. फोनवरून उत्तर द्या: डबा उघडला तर आत हार्ड डिस्क एक आहे की दोन? आणि एसएसडी (चिपवाली) आहे की जुनी फिरती?

कीबोर्डकाका
रात्री ११:१६

हमाल म्हणतायत ते करा. माझ्या लक्षातच आलं नाही.

ठाणेकर_७९
रात्री ११:२२

बंद केलं. फोनवरून लिहितोय. २०१५ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेलं आहे, आय ३, ४ जीबी, ५०० जीबी हार्ड डिस्क. एकच आहे. डी वेगळी नसते का?

आयटीतला_हमाल
रात्री ११:३०

नसते. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे, असेंबल करणारा पाडून देतो. विंडोजमध्ये दोन वेगळी चित्रं दिसतात म्हणून सगळ्यांचाच असा समज होतो. इरेज डिस्क म्हणजे अख्खी डिस्क. डी वर काय होतं?

ठाणेकर_७९
रात्री ११:३४

सगळंच. २००६ पासूनचे फोटो. ताईचं लग्न, मुलीचं बारसं. बाबांची सोसायटीची फाइल तर आहेच. बॅकअप नाही. कधीतरी सीडी केल्या होत्या, त्या आता कोणत्या कपाटात कोणास ठाऊक.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आयटीतला_हमाल
रात्री ११:४६

घाबरू नका, बरंच परत मिळू शकतं. इन्स्टॉलरने कप्प्यांचा तक्ता बदलला आणि वर नवी फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली ठेवायची मांडणी, आखली. मिंटच्या स्वतःच्या फाइली दहा-पंधरा जीबीच्या आत असतात. डिस्कवर डी चा कप्पा सी च्या नंतर होता, तिथला बहुतेक मजकूर अजून जागेवर असणार. थोडं नुकसान नक्की आहे, कारण नवी फाइल सिस्टिम डिस्कभर ठरावीक अंतराने आपल्या नोंदींची जागा पुसून घेते. ते काम इन्स्टॉलनंतरही मागे हळूहळू चालू असतं, म्हणून मशीन बंद करायला लावलं.

उद्या एक बाहेरची डिस्क आणा, एक टीबीची. त्याच पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करा, पण इन्स्टॉल करू नका, नुसतं चालवा. त्यात 'टेस्टडिस्क' हे हरवलेले कप्पे शोधणारं सॉफ्टवेअर टाकून घ्या, ते रॅममध्ये राहील, तुमच्या डिस्कला धक्का लागणार नाही. मग अ‍ॅनलाइज, क्विक सर्च, आणि त्यात डी नाही दिसली तर डीपर सर्च. जुनी एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल सिस्टिमची) ओळ सापडली की 'पी' दाबा, फाइलींची नावं दिसतील. स्मॉल ए ने सगळं निवडायचं, कॅपिटल सी ने बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं. 'राइट' लिहिलेलं दिसेल तिथे हात लावायचा नाही. सापडलेला डेटा त्याच डिस्कवर तर चुकूनही उतरवायचा नाही.

हे नाहीच जमलं तर 'फोटोरेक' आहे. तो फोटो काढून देतो, पण नावं आणि फोल्डर जातात. हजारो फोटो आकड्यांच्या नावाने एका ढिगात मिळतात.

मोकळा_सोर्स
रात्री ११:५२

हे सगळं निस्तरलं की एक एसएसडी बसवा. जुन्या मशीनचा कायापालट होतो.

आयटीतला_हमाल
रात्री ११:५५

@मोकळा_सोर्स, सल्ला चांगला आहे, पण आज नको. एसएसडी असती तर मी हे एवढं लिहिलंच नसतं. नवी फाइल सिस्टिम आखताना एसएसडीला सांगितलं जातं की जुनं सगळं टाकून दे, आणि ती खरंच टाकते. मग टेस्टडिस्कच काय, कोणीच काही काढू शकत नाही. फिरती डिस्क होती म्हणून आशा आहे.

उंबरठा
शनिवार, १३ सप्टेंबर, सकाळी ७:५०

लिनक्सवाल्यांचं हे नेहमीचंच. साध्या माणसाला नादी लावायचं आणि मग रात्री बारापर्यंत कमांड. मॅक घ्या, सुखी राहा.

ग्नू_गवा
सकाळी ८:१२

विंडोज नव्याने टाकतानाही चुकीचा कप्पा फॉरमॅट केला तर डेटा जातोच. प्रणालीचा काय संबंध?

नदीकाठ
सकाळी ८:२०

संबंध आहे. त्या पडद्यावर 'या डिस्कवरचे सगळे कप्पे जातील, डी सुद्धा' असं मराठीत लिहिलेलं असतं तर माणूस थांबला असता.

चहाबाज
सकाळी ८:३१

मराठीत असतं तर ते वाचायला नेहमी इंग्रजीतून वापरणारे आपण आणखी पाच मिनिटं घेतली असती. सुरुवातीला भाषा निवडायचा पडदा येतो, तिथे मराठी आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती कधी निवडली आहे?

ठाणेकर_७९
रविवार, १४ सप्टेंबर, दुपारी ४:१०

अपडेट. काल दुपारी डिस्क आणली. क्विक सर्चमध्ये काहीच नव्हतं. डीपर सर्चला तीन तास लागले, टक्के सरकत होते आणि मी समोर बसून होतो. शेवटी हिरव्या अक्षरांत एनटीएफएसची ओळ आली. पी दाबलं तर पहिलंच फोल्डर 'बारसे २०१२'. रात्रभर कॉपी चालली, १८७ जीबी आलं. काही फोटो अर्धे आहेत, वर चेहरे नीट आणि खाली राखाडी पट्टा. ताईच्या लग्नातला एक आख्खा फोल्डर रिकामा आहे. बाकी जवळपास सगळं आहे. हमालसाहेब, काय बोलू. ठाण्यात कधी आलात तर जेवायलाच या.

नोटिशीचं विचाराल तर बाबांना काल सकाळी सांगितलं. चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. बसून हाताने लिहिली, विषयपत्रिका त्यांना पाठ होती. खाली जाऊन ६४ झेरॉक्स काढल्या, संध्याकाळच्या आत वाटून झाल्या.

गेल्या वर्षीची फाइलही मिळाली, पण उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के आणि डोक्यावर टोप्या घातलेले ई. फाइल बिघडली आहे का?

कीबोर्डकाका
दुपारी ४:१९

बिघडलेली नाही. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, आता सगळीकडे चालतं ते युनिकोड नाही. आत इंग्रजी अक्षरांचेच नंबर असतात, वर मराठी मुखवटा फॉन्टचा. फॉन्ट सी मध्ये विंडोजच्या फोल्डरात होता, तो मिंटच्या खाली गेला असणार. तोच फॉन्ट दुसऱ्या कोणाकडून मिळाला तर फाइल जशीच्या तशी दिसेल, नाहीतर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. जोडाक्षरं आणि 'ऱ्या' मात्र हाताने तपासावे लागतील. फॉन्टचं नाव काय दिसतंय? आणि यासाठी वेगळा धागा काढा, इथे कोणाला सापडणार नाही.

प्रिंटरचं पुढे काय झालं?

ठाणेकर_७९
दुपारी ४:२५

प्रिंटरची वायर काढून ठेवली आहे. पुढच्या शनिवारी बघू. तेव्हा तुम्हीच हवे.

पेन्शनर_पार्ल्याचा
दुपारी ४:४०

नोटीस वाटताना सभासदांच्या पोच म्हणून सह्या घेतल्यात का? नुसतं दाराखालून सरकवून चालत नाही.