त्वचारोग ओपीडीला सौंदर्योपचारांची जोड देताना उद्योजकाची दृष्टी कशी आणावी?

प्रश्न: त्वचारोगतज्ज्ञ, लातूर

सर्वांना नमस्कार. मी त्वचारोग विषयात एमडी असून लातूरमध्ये स्वतःची ओपीडी चालवते. मुरूम, नायटा, वांग यांचे रुग्ण भरपूर असतात आणि नीटच्या शिकवण्यांसाठी बाहेरगावांहून आलेली मुलेमुलीही त्यांत पुष्कळ असतात. आता लेझर, केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर सोलून काढणे) आणि बोटॉक्स (सुरकुत्या कमी करणारे इंजेक्शन) सुरू करावे असे मनात आहे. मात्र दर ठरवणे, कर्ज काढणे, कर्मचारी सांभाळणे यांपैकी काहीही आम्हाला शिकवले गेले नाही. शिवाय पैशाचा विचार करू लागले की रुग्णाशी आपण प्रामाणिक राहू का, अशी टोचणी लागते. आपण ही सांगड कशी घातली?

उत्तर: त्वचारोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर

मॅडम, ती टोचणी राहू द्या, पण तिच्यापायी हिशेब टाळू नका. माझ्या मते या व्यवसायातली सर्वांत मोठी गुंतवणूक यंत्रात नसून योग्य वेळी ‘नाही’ म्हणण्यात असते. शेतात उन्हात राबणारी, मेडिकलमधून आणलेले स्टेरॉईडयुक्त क्रीम वर्षानुवर्षे लावून चेहरा लालबुंद झालेली बाई वांगासाठी लेझर मागते, तेव्हा तिचे ते क्रीम आधी सोडवावे लागते आणि सनस्क्रीनची सवय लावावी लागते. त्या दिवशी गल्ल्यात तपासणी फीच पडते. परंतु पुढे तीच बाई आपल्या जावेला आणि नणंदेला घेऊन येते.

यंत्राबाबत एक आग्रहाने सांगतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला लेझरने भाजून काळे डाग पडण्याचा धोका अधिक असतो. 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्वचेत खोलवर जातो आणि वरच्या थरातील मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, त्याला कमी शोषते, म्हणून केस काढण्यासाठी सावळ्या त्वचेवर तो तुलनेने सुरक्षित ठरतो. कंपनीचा माणूस डेमो दाखवायला आला की हँडपीस (त्वचेवर धरायचा यंत्राचा भाग) किती शॉट चालतो, तो बदलायला किती खर्च येतो, यंत्र बंद पडल्यास इंजिनिअर कोठून आणि किती दिवसांत येतो, हे सर्व लेखी घ्या. वीज वारंवार जाणाऱ्या भागात स्टॅबिलायझर आणि यूपीएसचा खर्चही किमतीतच धरावा.

उत्तर: सीए, नांदेड

डॉक्टर, एक आकडा मांडतो. 18 लाखांचे कर्ज 11 टक्के व्याजाने 5 वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे 39,000 रुपये होतो. सर्व खर्च वजा जाता एका सेशनमागे 1,500 रुपये उरत असतील, तर केवळ हप्त्यासाठी महिन्याला 26 सेशन व्हायला हवीत. आपल्या ओपीडीतून तेवढे रुग्ण खरोखर मिळतील का, हे रजिस्टरवरून आधी तपासा.

दुसरे असे की आरोग्यसेवेला जीएसटी माफ असला तरी केशरोपण आणि निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया त्या माफीत बसत नाही. जन्मजात व्यंग किंवा इजेमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करण्याची शस्त्रक्रिया मात्र बसते. करपात्र सेवा सुरू केली की नोंदणीची 20 लाखांची मर्यादा मोजताना माफ असलेले उत्पन्नही धरले जाते, याकडे बरेच डॉक्टर दुर्लक्ष करतात.

उत्तर: क्लिनिक व्यवस्थापक, परभणी

आमच्याकडे लग्नसराई आणि सोयाबीनचा पैसा हातात येण्याचा काळ यांवर गर्दी ठरते. पेरणीच्या दिवसांत खुर्च्या रिकाम्या असतात. म्हणून हप्ता भरगच्च महिन्यावर नव्हे, तर आषाढातल्या उत्पन्नावर बेतावा. केस काढण्याची सेशन काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा करावी लागतात, त्यामुळे नवरीने निदान सहा महिने आधी यावे असे आम्ही स्पष्ट सांगतो. पंधरा दिवस आधी आलेल्या मुलीला खोल पील करत नाही, घरच्यांनी कितीही गळ घातली तरी. आणि पॅकेज विकल्याबद्दल रिसेप्शनवरच्या मुलींना कमिशन देऊ नका. ते सुरू झाले की उपचार काउंटरवर ठरू लागतात.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. यंत्राची खरेदी तूर्त थांबवून, कमी भांडवलात होणाऱ्या पीलपासून सुरुवात करते. कोणता रुग्ण कशासाठी विचारणा करतो याची वेगळी नोंद आजपासून ठेवते. सीए साहेब, पीलच्या पावत्या ओपीडीच्या पावत्यांपासून वेगळ्या फाडाव्यात का?

सीए, नांदेड

होय, पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा आणि प्रत्येक पावतीसोबत निदानाची नोंदही जपून ठेवा. मुरमांवरचा उपचार म्हणून केलेले पील आणि केवळ उजळपणासाठी केलेले पील यांतला फरक कागदावर दाखवता आला पाहिजे.