खरं सांगा, पुस्तक कसं वाटलं? (सीमाभागातल्या वाचक मुलांचा अनुभव धागा)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातल्या मुलांनो, हा धागा तुमच्यासाठी काढला आहे. वाचलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल लिहा. गोष्टीचा सारांश नको, तो पुस्तकाच्या पाठीवर छापलेला असतो. 'यातून काय बोध मिळाला' तेही नको. कंटाळा आला असेल तर कुठे आला ते लिहा, रडू आलं असेल तर कशाने आलं ते लिहा. सगळ्या मोठ्यांना आवडलेलं पुस्तक तुम्हाला आवडलं नसेल, तर ते आधी लिहा.

हे मी मनापासून मागते आहे. मुलांची पुस्तकं मोठी माणसं लिहितात, मोठीच विकत घेतात, बक्षिसं मोठीच देतात. वाचणाऱ्या मुलाला मात्र कुणी विचारत नाही.

नाव नको, इयत्ता आणि गाव पुरे. शाळा मराठी, कन्नड, इंग्रजी कुठलीही चालेल. घरी बोलता तसं लिहा, मी एकही शब्द दुरुस्त करणार नाही.

नववी, खानापूर तालुका

आमचं शेत रानाला लागून आहे. भात पोटरीला आलं की गवे उतरतात. मग घरातलं कोणीतरी रात्री शेतात जागायला जातं, डबा बडवायचा, जाळ करायचा. हे आधी सांगतोय कारण मी 'पाडस' वाचलं ते याच दिवसांत.

गोष्ट अमेरिकेतली आहे, फ्लोरिडातली. मार्जरी किनन रॉलिंग्ज यांची. मराठीत राम पटवर्धनांनी आणली. ज्योडी नावाचा मुलगा हरणाचं पाडस पाळतो, त्याचं नाव फ्लॅग. सुरुवातीला ज्योडी झऱ्याच्या पाण्यावर फिरणारी छोटी चक्की करतो. तसली चक्की आम्ही पावसाळ्यात ओढ्यावर करतो, त्यामुळे पहिल्याच पानांत मी आत शिरलो. नंतर अस्वलाची शिकार येते. ती सगळ्यांनाच आवडेल.

खरी गोष्ट पुढे आहे. फ्लॅग मोठा होतो आणि मक्याचे कोंब खातो. परत पेरतात, परत खातो. ज्योडी मरमर करून कुंपण उंच करतो, फ्लॅग त्याच्यावरूनही उडी मारतो. बेळगावातल्या माझ्या मावसभावाला ज्योडीची आई दुष्ट वाटली. मला अजिबात नाही वाटली. वर्षाचं धान्य गेलं तर ती चुलीवर काय ठेवणार? पण ज्योडीपण चुकीचा वाटला नाही. दोघंही बरोबर आहेत आणि तरी मरायचं फ्लॅगनेच, हे मला सहन झालं नाही. तिथे पुस्तक मिटलं. शेवट बऱ्याच दिवसांनी वाचला.

आबांना ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "बरोबर लिवलंय. पीक गेल्याबिगर कळत न्हाई ते." आबा एरवी पुस्तकाला हात लावत नाहीत.

सहावी, बेळगाव

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! त्याचं खरं नाव बनेश, गाव फुरसुंगी, शिकायला पुण्यात. बारीक आहे, पण सायकल अशी मारतो की कोणी गाठू शकत नाही. आणि ते 'ट्टॉक'! मला पण जिभेने तसा आवाज काढता येतो. मी 'प्रतापगडावर फास्टर फेणे' शोधतोय. कुणाकडे असेल तर द्या, नीट परत देईन. कव्हर घालूनच वाचतो.

सातवी, बेळगाव

वरच्या मुलाला उत्तर. मलाही फाफे आवडतो, पण सगळी धमाल त्यालाच का? किल्ल्यावर तोच, चोराच्या मागे तोच. मी पण सायकल चालवते, टिळकवाडीच्या रेल्वे फाटकातून रोज जाते. अशा सायकलवाल्या मुलीची पुस्तकं मराठीत ढीगभर असायला पाहिजेत. कोणी लिहिणार असेल तर माझ्याकडे नावंसुद्धा तयार आहेत.

दहावी, येळ्ळूर

मी 'वनवास' वाचलो. प्रकाश नारायण संतांचं. ते लायब्ररीत मुलांच्या कपाटात नव्हतं, मोठ्यांच्या कपाटात होतं. आक्काच्या कार्डावर आणलो.

लंपन आईवडलांपासून लांब आजी-आजोबांकडे राहतो. मी पण आज्जीकडेच वाढलो. बाबा गोव्याला कामाला, आई त्यांच्याबरोबर. सणाला येतात. आले की आनंद होतो आणि जाताना बघवत नाही म्हणून मी मुद्दाम परड्यात जाऊन बसतो. हे मी कधी कुणाला सांगितलो नव्हतो. लंपनचं वाचताना वाटलं, ह्याला कळतंय. तो पण सरळ सांगत नाही 'मला आईची आठवण येते' म्हणून. दुसरंच काहीतरी बोलत राहतो. झाडाचं बोलतो, रेल्वेचं बोलतो, मैत्रीण सुमीचं बोलतो, आणि आपल्याला इकडे गळ्यात दाटून येतं.

दुसरं म्हणजे तो आमच्यासारखं बोलतो. सगळी माणसं कन्नडमिश्रित बोलतात. कणबर्गी गंग्या नावाचा त्याचा मित्र आहे, कणबर्गी आमच्या इथंच की! पुस्तकातली मुलं नेहमी पुण्याची किंवा मुंबईची असतात. पुस्तकात आमच्याकडचं बोलणं बघून पहिल्यांदा बरं वाटलं, मग राग आला की हे मला एवढ्या उशिरा का मिळालं. पाचवीत असताना मिळालं असतं तर मी आज्जीला एवढा त्रास दिलो नसतो.

आठवी, बेळगाव

येळ्ळूरच्या दादाने 'वनवास'बद्दल लिहिलंय म्हणून मी पण आणलं. मला जड गेलं. काहीच घडत नाही. तो चालतोय, बघतोय, विचार करतोय. चोर नाही, रहस्य नाही. एक गोष्ट पूर्ण वाचली, दुसरी अर्धी सोडली. भाषा मात्र मजेची आहे, ती आवडली. मला वाटतं ते मोठ्यांच्या कपाटातच बरोबर आहे.

धागा काढणारी

दोन्ही मतं राहू देत, दोन्ही प्रामाणिक आहेत. मला विचाराल तर 'वनवास' दोन्ही कपाटांत हवं. एवढंच सांगते की 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही लंपनची पुढची पुस्तकं आहेत. आणि ज्यांची 'गवतफुला' कविता तुम्ही तोंडपाठ म्हणता त्या इंदिरा संत कितीतरी वर्षं बेळगावातच राहिल्या. प्रकाश संत त्यांचे चिरंजीव. म्हणजे हे सगळं आपल्या गल्ल्यांतूनच आलेलं आहे. अर्धी सोडलेली गोष्ट दोन-तीन वर्षांनी पुन्हा उघडून बघ, असं मात्र आठवीतल्या वाचकाला आग्रहाने सांगेन.

सातवी, चिकोडी तालुका (कन्नड माध्यम)

मी शाळेत कन्नड शिकते, घरी मराठी बोलतो आम्ही. माझं आवडतं पुस्तक कन्नड आहे, चालेल ना? कुवेंपूंची 'बोम्मनहळ्ळिय किंदरिजोगी'. ही लांबलचक कविता आहे. तुंगा नदीच्या काठी बोम्मनहळ्ळी गाव, गावात उंदीरच उंदीर. जोगी किंदरी वाजवतो आणि सगळे उंदीर त्याच्या मागे नदीत जातात. गौडा, म्हणजे गावचा पाटील, कबूल केलेले पैसे देत नाही. मग जोगी परत वाजवतो आणि आता गावची मुलं मागे जातात. ही गोष्ट मूळ युरोपातली आहे असं सरांनी सांगितलं, पण वाचताना आपल्याच तालुक्यातली वाटते. उंदरांची नुसती यादी आहे ना, ती मोठ्याने म्हणायला सगळ्यात मजा येते. माझं मत असं की गौडाने फसवलं तर शिक्षा गौडाला पाहिजे होती, मुलांना कशाला?

मराठी वाचायला आज्जीने शिकवलं, जुन्या 'चांदोबा'वर. आज्जीने ट्रंकेत जपून ठेवलेत. तोच अंक कन्नडमध्ये 'चंदमामा' म्हणून यायचा, शेजारच्या अज्जींकडे तो आहे. विक्रम तेच, वेताळ तोच, खांद्यावरचं प्रेत तेच, चित्रंही तीच. म्हणून मी आधी कन्नड अंक वाचायची आणि मग मराठी. अडलेला शब्द चित्रात बघून कळायचा. वेताळाच्या प्रश्नाचं उत्तर राजाने देण्याआधी मी आज्जीला माझं उत्तर सांगायची. कधीकधी माझं जास्त बरोबर असायचं. आता नवे अंक निघत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

आठवी, निपाणी

'एक होता कार्व्हर', वीणा गवाणकर. बक्षीस मिळालं होतं म्हणून वाचलं, नाहीतर चरित्राच्या वाटेला मी जात नाही. चरित्रातली माणसं जन्मल्यापासूनच थोर असतात. हा तसा नाही. गुलामाचं पोर, आई पळवून नेलेली, तब्येत किरकोळ, आणि त्याला सोडवून आणायला मालकाने घोडा दिलेला.

आमच्याकडे तंबाखू आणि सोयाबीन. अमेरिकेत कापूस घेऊन घेऊन जमीन थकली तेव्हा कार्व्हर तिथल्या शेतकऱ्यांना भुईमूग लावा, रताळी लावा म्हणून सांगत फिरतो. ते पान मी पप्पांना दाखवलं. पप्पा म्हणाले शेंगा लावल्यावर रान सुधारतं हे आम्हाला माहीतच आहे, पण एवढ्या लांबच्या माणसाने त्यासाठी आयुष्य घातलं हे माहीत नव्हतं. शेंगा भरपूर झाल्यावर त्या विकायच्या कुठे, याचा पण त्याने विचार केला आणि शेंगांपासून काय काय करून दाखवलं. मला हेच सगळ्यात आवडलं. लावा म्हणून सांगणारे पुष्कळ असतात, पिकल्यावर कोण विचारतंय?

मी आता कृषीला जायचं ठरवलंय. घरी अजून सांगितलेलं नाही.

सातवी, उचगाव

मला 'श्यामची आई' आवडलं नाही. लिहायला भीती वाटते पण खरं सांगा म्हणालात म्हणून लिहिते. वर्गात सगळे रडले, मला राग येत होता. पोहायला जात नाही म्हणून आई श्यामला शिंपटीने मारते. पाण्याची भीती वाटली तर मारायचं? मला पण विहिरीची भीती वाटते. आणि ती स्वतः किती सोसते! आजारी आहे तरी काम, कर्ज वडिलांचं आणि अपमान हिचा. 'आई अशी असावी' असं सगळे म्हणतात. माझ्या आईने असं सोसू नये असं मला वाटतं.

नववी, कडोली

उचगावच्या बहिणीस, तुझा राग मला पटला. पण मी ते दोनदा वाचलंय आणि दुसऱ्यांदा वेगळं दिसलं. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पुस्तकात धडे नाहीत, रात्री आहेत. एकेका रात्री श्याम सोबत्यांना आईची आठवण सांगतो. म्हणजे हे आईने लिहिलेलं नाही, आई गेल्यावर मुलाने सांगितलेलं आहे. मारलेलं पण त्याने लपवलं नाही. आंघोळीनंतर ओल्या पायाला माती लागू नये म्हणून आई पदर पसरते, पायाला जपतोस तसं मनालाही जप म्हणते. तेवढंच सगळे पाठ करतात. पण कर्जवसुलीला आलेला माणूस दारात बसून वाट्टेल ते बोलतो तेव्हा ती गप्प बसत नाही, ते कुणी पाठ करून घेत नाही. तेवढी रात्र परत वाच. मग आवडलं नाही तरी चालेल.

सातवी, उचगाव

वाचली. ती रात्र आवडली. बाकीचं मत तेच आहे.

सहावी, संकेश्वर

'तोत्तोचान'. ही जपानमधल्या मुलीची गोष्ट आहे. तिची शाळा रेल्वेच्या डब्यांत भरते. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतात, कितीतरी तास! मधे थांबवत नाहीत, घड्याळ बघत नाहीत. पहिल्या शाळेने काढून टाकलंय हे आई तिला सांगतच नाही, ती मोठी झाल्यावर सांगते. हे खूप चांगलं केलं. सांगितलं असतं तर तोत्तो नव्या शाळेत एवढं बोललीच नसती. शेवटी बॉम्ब पडून ती शाळा जळते. ते पान मी वाचत नाही, त्याच्या आधीच थांबते.

अकरावी, चिकोडी तालुका

जी. ए. कुलकर्णी आमच्या तालुक्यातल्या एकसंब्याचे. १९२३ चा जन्म. मोठ्यांसाठी त्यांनी फार गूढ कथा लिहिल्या असं सगळे सांगतात, पण 'बखर बिम्मची' आणि 'मुग्धाची रंगीत गोष्ट' ही त्यांची मुलांची पुस्तकं कुणाला फारशी माहीत नाहीत. मी 'बखर बिम्मची' एकटीने वाचलं तेव्हा नुसतं गोड वाटलं. मग धाकट्या भावाला रात्री मोठ्याने वाचून दाखवायला लागले आणि पुस्तकच बदललं. बिम्म हा अगदी चिमुकला मुलगा आहे, तो विचारतो ते सगळं भाऊ मधेच स्वतः विचारायला लागला. लहान मुलाचं डोकं कसं चालतं ते या लेखकाने किती बारकाईने बघितलंय! माझी सूचना अशी की हे पुस्तक एकट्याने वाचू नका. घरात लहान भावंड नसेल तर शेजारचं बोलवा.

तिसरी, हलगा (ताईने लिहून घेतलं)

मला 'राधाचं घर' आवडतं. माधुरी पुरंदरेंनी लिहिलंय आणि चित्रं पण त्यांनीच काढलीत. राधाच्या घरात आपल्यासारखीच माणसं आहेत. चित्रात सगळं बघायला मिळतं. माझ्या घराचं पण असं पुस्तक पाहिजे, त्यात आमची म्हैस घालायची. ताई म्हणते तूच कर. मी सुरू केलंय. म्हैस झालीय, आज्जी राहिलीय.

नववी, बेळगाव

सहावीतल्या मुलाला निरोप, 'प्रतापगडावर फास्टर फेणे' माझ्याकडे आहे. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात रविवारी सकाळी येतो, तिथे दे म्हणालास तर देईन. बदल्यात तुझ्याकडचं कुठलंही चालेल. फक्त मी वाचलेलं नको.