मदत हवी आहे: सर्व्हरवर चढवल्यावर जँगोला मॉड्यूल सापडत नाही

मांजराकाठ, लातूर:
काकांच्या आडत दुकानासाठी मी जँगोमध्ये (पायथन भाषेतल्या वेब-चौकटीत) हिशोबाचे ॲप केले आहे. लॅपटॉपवर ते महिनाभर विनातक्रार चालले, पण काल भाड्याच्या सर्व्हरवर चढवल्यापासून गनिकॉर्न (सर्व्हरवर ॲप चालवणारा प्रोग्रॅम) सुरू होताच ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’ देऊन बंद पडतो. सोयाबीनची आवक वाढली असून मुनीम पुन्हा हाताने पट्ट्या लिहीत आहेत, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

जालनेकर:
कोणते मॉड्यूल, तेच लिहायचे राहिले आहे. एररची शेवटची ओळ जशीच्या तशी द्यावी.

परभणीचा पायथन:
सर्व्हरवर पायथन ३.१२ असणार. त्यातून डिस्ट्युटिल्स हे जुने मॉड्यूल काढून टाकल्यामुळे माझे दोन दिवस वाया गेले होते. त्याऐवजी सेटअपटूल्स हे पॅकेज बसवा.

बीडचा डेव्ह:
मी सगळे डॉकरमध्येच (ॲप आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधून चालवणाऱ्या साधनात) ठेवतो. शिवाय डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट वापरत असाल, तर आताच पोस्टग्रेसवर जा.

मांजराकाठ, लातूर:
डेटाबेसबद्दल मी विचारलेलेच नाही. उबुंटू २२.०४ आणि पायथन ३.१० आहे. ओळ ‘नो मॉड्यूल नेम्ड पट्टी’ अशी आहे. पट्टी हे माझेच ॲप आहे. पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) सगळे दोनदा बसवून झाले.

परभणीचा पायथन:
मग गनिकॉर्न व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटबाहेरचा (प्रकल्पाच्या वेगळ्या पायथन-कप्प्याबाहेरचा) चालत असेल.

जालनेकर:
तसे असते, तर बहुधा आधी जँगोच सापडला नसता. स्वतःचे ॲप सापडत नसेल, तर पिपचा संबंध उरत नाही. लॅपटॉपवर विंडोज आहे का, आणि या फोल्डरचे नाव मध्यंतरी बदलले होते का?

मांजराकाठ, लातूर:
विंडोजच आहे. फोल्डरच्या इंग्रजी नावात आधी कॅपिटल पी होता, तो नंतर स्मॉल केला. एवढ्याने काय होते?

परभणीचा पायथन:
विंडोजवर पायथन कॅपिटल-स्मॉल पाहतच नाही, म्हणून तिथे चालले.

जालनेकर:
पायथन तिथेही पाहतो. दुर्लक्ष करतो तो गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारे साधन. विंडोजवर केवळ अक्षराचा आकार बदलला, तर गिट सहसा त्याची नोंद घेत नाही, त्यामुळे सर्व्हरवर जुन्याच नावाचा फोल्डर उतरतो आणि स्मॉल पीचे ‘पट्टी’ तिथे सापडत नाही. गिटमधल्या फाइलींची यादी देणारी ‘गिट एलएस-फाइल्स’ ही आज्ञा चालवून पाहा. कॅपिटल पी दिसल्यास नाव बदलणाऱ्या ‘गिट एमव्ही’ने आधी भलतेच नाव द्या, मग हवे ते द्या, आणि कमिट करून पुश करा.

मांजराकाठ, लातूर:
कॅपिटलच निघाला! नाव दोन टप्प्यांत बदलून सर्व्हरवर पुन्हा उतरवले आणि गनिकॉर्न उभा राहिला. आभारी आहे.

बीडचा डेव्ह:
डॉकर असता तर हे झालेच नसते.

जालनेकर:
त्याच गिटमधून डॉकरची इमेज (चालवायचा गठ्ठा) बांधली असती, तर तोच कॅपिटल पी डॉकरमध्येही गेला असता.