मुलांचा मराठी शब्दसंग्रह कोट्या आणि शब्दखेळांतून रीतसर वाढवता येईल का?

प्रश्न – पालक, बंगळूरू

नमस्कार. कामानिमित्त आम्ही बरीच वर्षे बंगळूरूला राहतो आणि माझा मुलगा यंदा सहावीत आहे. घरात आम्ही मराठीच बोलतो, त्यामुळे त्याच्या बोलण्यात अडखळणे नाही. मात्र घर, खेळ आणि शाळेचा डबा यांपलीकडचा शब्द आला की तो थांबतो. वर्तमानपत्रातील बातमी त्याला वाचता येते, पण तिचा अर्थ लागत नाही. शब्दांच्या याद्या करून भिंतीवर लावल्या, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द पाठ करून घेतले, तरी आठवडाभराने विचारले की पाटी कोरी असते.

अलीकडे एक वेगळाच अनुभव आला. ‘आयकर विभागाचे छापे’ असा मथळा त्याने मोठ्याने वाचला आणि विचारले, “बाबा, सातारकर साताऱ्याचे, नगरकर नगरचे, मग आयकरांचे गाव कोणते?” आम्ही दोघे मनसोक्त हसलो आणि त्या हसण्याच्या ओघातच मी त्याला आय म्हणजे मिळकत, व्यय म्हणजे खर्च आणि कर म्हणजे सरकारकडे भरायची रक्कम असे सांगितले. करदाता, करमुक्त, आयव्यय हे शब्द ओघाने आले. ‘छापा’ शब्दावर तो आपण होऊन म्हणाला, “म्हणजे छापा की काटा, यातला छापा का?” यांतला एकही शब्द तो अजून विसरलेला नाही. परवा आजीशी फोनवर बोलताना त्याने “माझ्या खाऊच्या पैशांचा आयव्यय जुळत नाही” असे वाक्यही केले.

जे योगायोगाने घडले ते रीतसर कसे करावे, हा माझा प्रश्न आहे. त्यासोबत दोन शंकाही आहेत. गंमत तेवढी लक्षात राहून अर्थ निसटेल का? आणि कोटीच्या नादात शब्दाची खोटी व्युत्पत्ती मुलाच्या मनात कायमची बसेल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ – माध्यमिक शाळेतील मराठीच्या शिक्षिका, सांगली

आपल्या मुलाने जे केले तो श्लेषच आहे, फक्त त्याला त्याचे नाव ठाऊक नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ मनात एकाच वेळी धरावे लागतात आणि दोन्ही कळल्याशिवाय हसू येत नाही. म्हणून मूल हसले की अर्थ पोहोचला, याची खात्री तिथल्या तिथे होते. यादी पाठ करून घेताना ही खात्री कधीच मिळत नाही. मात्र यासाठी शब्द निवडून घ्यावे लागतात. ज्या शब्दाला खरोखरच दोन-तीन अर्थ आहेत आणि ते सगळे आजच्या मराठीत वापरात आहेत, असेच शब्द सुरुवातीला घ्यावेत.

माझ्या वर्गात ‘पक्ष’ हा शब्द मी दरवर्षी घेते. फळ्यावर तेवढा एकच शब्द लिहायचा आणि तो कुठे कुठे ऐकला ते मुलांना विचारायचे. राजकीय पक्ष सर्वांना ठाऊक असतो, पितृपक्ष निम्म्या वर्गाला ठाऊक असतो, शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्ष दिनदर्शिकेमुळे एखाद्याला आठवतात. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, पितृपक्षाचे निवडणूक चिन्ह काय?” आणि दुसऱ्याने क्षणात उत्तर दिले, “कावळा!” वर्ग शांत व्हायला बराच वेळ लागला. त्यानंतर मी सांगितले की पक्ष म्हणजे मुळात पंख किंवा बाजू. ज्याला पंख आहेत तो पक्षी, महिन्याच्या दोन बाजू म्हणजे दोन पंधरवडे, वादातील एक बाजू धरणारा तो पक्षकार आणि न्याय सोडून एका बाजूला झुकणे म्हणजे पक्षपात. एवढे शब्द एका तासात आले आणि त्या मुलांच्या निबंधांत ते पुढे दिसतही राहिले.

‘पात्र’ या शब्दावर मुले स्वतः वाक्ये रचतात. “नदीच्या पात्रात आपले जेवणाचे पात्र घासणारे ते पात्र बक्षिसाला पात्र ठरले” हे वाक्य एका विद्यार्थिनीचे आहे. नदीचा तळ, भांडे, नाटकातील व्यक्ती आणि लायक असे चार अर्थ तिने एका वाक्यात बसवले. अशी वाक्ये मोठ्या माणसांनी तयार करून देऊ नयेत. वाक्य जुळवताना मुलाला प्रत्येक अर्थ कुठे चालतो आणि कुठे चालत नाही हे तपासावे लागते, आणि शब्द खरा मुरतो तो तिथेच. ‘अंक’, ‘तीर’, ‘भाव’, ‘कळ’ आणि ‘माळ’ हे शब्दही यासाठी फार चांगले आहेत.

शब्द तोडून होणारा श्लेष, म्हणजे सभंग श्लेष, सहावीच्या मुलालाही झेपतो. व्याकरणाच्या पुस्तकांत नेहमी भेटणारे ‘औषध नलगे मजला’ हे उदाहरण जरूर सांगावे. नळाच्या विरहाने व्याकूळ झालेल्या दमयंतीला म्हणायचे असते, “नल हेच गे मला औषध”, आणि आईला ऐकू येते, “मला औषध न लगे”, म्हणजे औषध नको. अक्षरे तीच आहेत, फक्त तोडण्याची जागा बदलते. पुढे “परिसुनि माता” असे शब्द येतात, तेव्हा परिसणे म्हणजे ऐकणे हेही कळते. ‘गे’ हे संबोधन आणि ‘न लगे’ हे जुने क्रियापद मुलांना एरवी रुक्ष वाटते. इथे मात्र आईचा गैरसमज समजून घ्यायचा असल्यामुळे ती स्वतःहून अर्थ विचारतात.

प्रतिसाद २ – एक आजी, चिपळूण

बाईंनी श्लेषाविषयी फार छान लिहिले आहे. मी केवळ कोड्यांची भर घालते, कारण आमच्या लहानपणी शब्द शिकवण्यासाठी वेगळा तास नव्हता. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकमेकांना कोडी घालायची एवढेच होते.

“बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे” याचे उत्तर जीभ हे बहुतेकांना ठाऊक असते, पण शहरातल्या नातवंडांना चिरा म्हणजे काय हे माहीत नसते. जांभा दगड खाणीतून चौकोनी तासून काढला की तो चिरा होतो. आमच्या भागात घरांच्या भिंती त्याच्याच असतात आणि असे चिरे रचून बांधलेले घर ते चिरेबंदी. चिरा डोळ्यांसमोर आला की दातांची रांग आपोआप दिसते.

“सूपभर लाह्या, मध्ये रुपया” हे कोडे चांदण्यांचे आणि चंद्राचे आहे. बंगळूरूच्या मुलाला सूप म्हटले की वाटीतले गरम टोमॅटोचे सूप आठवेल आणि त्यात लाह्या कशाला, असे तो नक्की विचारेल. त्याला विचारू द्यावे. मग वेताचे किंवा बांबूचे सूप दाखवावे, मूठभर तांदूळ घेऊन पाखडून दाखवावे आणि कोंडा कसा पुढे उडतो ते त्याच्याच हाताने करून पाहू द्यावे. त्यानंतर “जात्यातले रडतात, सुपातले हसतात” ही म्हण सांगावी. माझी नात ही म्हण पहिल्यांदा ऐकून म्हणाली, “कुठे जाते?” मी तिला दळायचे जाते दाखवले. वरच्या तळीचा खुंटा धरून तिने मूठभर दाणे भरडले, तेव्हा सुपातल्यांची पाळी अजून यायची आहे हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

“काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले” हे भरभर म्हणताना जीभ वळत नाही म्हणून मुले पोट धरून हसतात. पण त्यांतल्या फार थोड्यांना राळे हे धान्य आहे हे ठाऊक असते. घाटावर अनेक घरी भोगीला राळ्याचा भात करतात. हल्ली राळे दुकानात पुन्हा मिळू लागले आहेत, तेव्हा एकदा शिजवून खायला घालावेत.

प्रतिसाद ३ – मुद्रितशोधक, पुणे

शब्दाच्या अर्थाबरोबर त्याचे लेखनही याच मार्गाने पक्के होते, म्हणून विलोमपदांची शिफारस करतो. ‘रामाला भाला मारा’ किंवा ‘ती होडी जाडी होती’ ही वाक्ये उलट्या क्रमाने वाचली तरी तीच राहतात. ‘तो कवी डालडा विकतो’ हे असेच प्रसिद्ध वाक्य आहे, पण मुलाला ते अक्षर अक्षर तपासायला सांगावे. उलटे वाचताना पहिल्या भागातील ‘वी’ दीर्घ आणि दुसऱ्या भागातील ‘वि’ ऱ्हस्व असल्याचे त्याला आढळेल आणि वाक्य चुकले असे तो म्हणेल. इथे त्याला सांगावे की पूर्वी ‘कवि’ असे ऱ्हस्व लिहीत असत, तेव्हा हे वाक्य तंतोतंत जुळत होते. १९६२ मध्ये मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार तत्सम इकारान्त आणि उकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहिले जातात, म्हणून आज ‘कवी’. मात्र समासात असा शब्द आधी आला तर तो ऱ्हस्वच राहतो, म्हणून ‘कविसंमेलन’ आणि ‘कविवर्य’. हा नियम अनेक मोठ्या माणसांना पाठ करूनही आठवत नाही, पण डालडा विकणारा कवी एकदा भेटला की सहसा विसरला जात नाही.

ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलणाऱ्या जोड्याही अशाच खेळवाव्यात. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा किंवा सारथी. ‘शिक्षक दिन’ लिहिताना वेलांटी चुकली तर शिक्षकांची काय अवस्था होते, हे मुलाला स्वतःलाच शोधू द्यावे.

व्युत्पत्तीविषयीची आपली शंका रास्त आहे. ‘आयकर’ आणि ‘सातारकर’ यांतील ‘कर’ वेगळे आहेत. पहिला कर म्हणजे सरकारी आकारणी आणि दुसरा गावाशी नाते सांगणारा प्रत्यय. हसून झाल्यावर हे स्पष्ट सांगितले की पुरते. कधी कधी खरी व्युत्पत्तीच कोटीपेक्षा रंजक असते. लग्नात मंगलाष्टकांच्या शेवटी ‘ताराबलं चंद्रबलं’ सुरू झाले की मांडवात एकच धावपळ होते, त्यावरून ‘तारांबळ’ शब्द आल्याचे सांगितले जाते. शंका आली की मुलासमोरच कोश उघडावा. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. तो आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असे दोन्ही आज संगणकावर शोधता येतात.

प्रतिसाद ४ – भाषाशिक्षणाचा अभ्यासक, बेळगाव

परभाषेतील शब्दांसाठी याच जातीची एक पद्धत प्रयोगांनी तपासलेली आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या संशोधकांनी रशियन शब्द शिकवताना प्रत्येक शब्दासाठी उच्चाराने जवळचा असा ओळखीचा इंग्रजी शब्द दिला आणि दोहोंना जोडणारे चित्र मनात उभे करायला सांगितले. घंटा या अर्थाच्या ‘झ्वनोक’ शब्दाच्या शेवटी ‘ओक’ ऐकू येते, म्हणून ओक वृक्षाला घंटा लटकलेल्या कल्पायच्या. अशा रीतीने शिकणाऱ्यांना इतरांपेक्षा बरेच जास्त शब्द आठवले.

आपण बंगळूरूला आहात, तेव्हा मुलाच्या कन्नडसाठी ही पद्धत हाताशीच आहे. कन्नडमध्ये ‘मळे’ म्हणजे पाऊस. पाऊस आला की आपले मळे भिजतात, असे चित्र मनात धरावे. ‘हालु’ म्हणजे दूध. दूध उतू जाण्याच्या बेतात असताना शेगडीपासून हालू नये. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. ही जोडणी केवळ ध्वनीची असते, अर्थाची नसते, त्यामुळे शब्द वाक्यांत पुन्हा पुन्हा वापरला नाही तर चित्र उरते आणि अर्थ जातो. आपली पहिली शंका इथे खरी ठरते. शिवाय ‘निष्ठा’ किंवा ‘संकोच’ अशा भाववाचक शब्दांसाठी ओढूनताणून चित्र जुळवण्यापेक्षा एखादा प्रसंग सांगणे बरे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बाई, एक विचारायचे राहिले. त्याने केलेल्या कोट्या मी वहीत उतरवून ठेवाव्यात का, आणि दिवसाला किती शब्द घ्यावेत?

माध्यमिक शाळेतील मराठीच्या शिक्षिका, सांगली

वही अवश्य ठेवावी, पण ती त्याची त्याने लिहावी. डाव्या पानावर कोटी आणि उजव्या पानावर तिच्यातील प्रत्येक अर्थाचे एकेक साधे, विनोद नसलेले वाक्य असावे. अभ्यासकांनी सांगितलेला अर्थ निसटण्याचा धोका त्यामुळे बराच टळतो. दिवसाचा आकडा ठरवू नये. ज्या दिवशी शब्द सापडणार नाही, त्या दिवशी जुनी पाने वाचावीत. आणि घरी पाहुणे आले की “तुझी ती आयकरांची गंमत सांग” असे त्याला म्हणू नये. परीक्षा घेतल्यासारखे वाटले की या वयाची मुले कोट्या करणेच सोडतात.