मदत हवी आहे : संपर्क तंत्रज्ञानाचा शाश्वत वस्तीला होणारा उपयोग मोजायचा कसा?

नमस्कार. वरील विषयावर मी एक टिपण लिहीत असून, एका मुद्द्यावर अडलो आहे. भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवणे, ही संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलांड आयोगाची शाश्वत विकासाची १९८७ सालची व्याख्या मी आधाराला घेतली आहे.

उपयोगाची बाजू मांडणे सोपे गेले. पाण्याच्या मीटरवर बसवलेला संवेदक रात्री दोन वाजता, सगळे नळ बंद असतानाही हळूहळू सरकणारा आकडा पाठवतो आणि जमिनीखालची गळती ओल वर येण्याआधीच उघडकीस येते. पाठवायची माहिती मोजकीच असल्यामुळे असे उपकरण लोरासारख्या कमी शक्तीच्या रेडिओवर एकाच बॅटरीत काही वर्षे चालते.

अडचण खर्चाच्या बाजूची आहे. २०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील पाव हिस्साही रीतसर पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. शिवाय स्मार्टफोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनात वापरापेक्षा निर्मितीचाच वाटा मोठा असतो. मग वाचलेल्या पाण्याच्या समोर हा भार वस्तीच्या खात्यावर धरावा, की उत्पादकाच्या? मला स्वतःला तो वस्तीच्याच खात्यावर धरणे प्रामाणिकपणाचे वाटते, पण मग सर्वांना सामाईक असलेल्या मोबाइल मनोऱ्यांचा आणि सर्व्हरचा वाटा कसा काढायचा, हे उमगत नाही.

असा हिशेब कोणी प्रत्यक्ष केला असल्यास त्यात काय धरायचे आणि काय नाही याची सीमा कोठे आखली, तसेच फोन न वापरणाऱ्या रहिवाशांचे मत कसे नोंदवले, हे कृपया सविस्तर सांगावे.